कढईतलं तेल गाडीच्या टाकीत? थांबा जरा, भिया!

सध्या नातेवाइकांच्या झाडून सगळ्या ग्रुपांवर एक व्हिडिओ फिरतोय. परदेशातला कुणी दाढीवाला हॉटेलातलं वापरलेलं तेल फडक्यातून गाळतो, जुन्या डिझेल गाडीत ओततो आणि भुर्रकन निघून जातो. खाली आपल्या मंडळींच्या प्रतिक्रिया: "इंदूरात तर तेलाच्या विहिरीच आहेत!" आहेतच की. सकाळी कचोरी, दुपारी समोसे, थंडीत सराफा बाजारात तळलेला गराडू कंद आणि शेव तर बारा महिने.

मूळ गोष्ट खोटी नाही. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चाललं होतं, आणि ते इतकं सुरळीत चाललं की फारसं कुणाच्या लक्षातही आलं नाही, असं खुद्द रुडॉल्फ डिझेलनेच नंतर सांगितलंय. पण ते इंजिन कुठे आणि माझ्या भाच्याची नव्या प्रदूषण नियमांची, बीएस-६ पिकअप कुठे! तेल डिझेलच्या जवळपास दहापट दाट. आजच्या कॉमन रेल इंजिनात इंधन हजार-दीड हजार बारच्या दाबाने केसासारख्या भोकांतून फवारलं जातं. दाट तेलाचा नीट फवारा होत नाही, ते अर्धवट जळतं, नोझलवर काजळी धरते, पिस्टनच्या रिंगा चिकटतात. न जळलेलं तेल खाली इंजिन ऑइलमध्ये उतरलं की त्याचाही चिकट लगदा होतो. वाचलेल्या डिझेलच्या कित्येक पट पैसे मग मिस्त्रीला मोजायचे.

भाचा हट्टी. कचोरीवाल्याकडून बरणीभर तेल घेऊन आला. "आत्या, तू केमिस्ट्री शिकवायचीस ना, बघ." जानेवारीचे दिवस होते, बरणी रात्रभर ओट्यावर ठेवली. सकाळी तळाशी जळक्या बेसनाचा काळा गाळ, त्यावर गढूळ थर आणि बाकीचं तेल तुपासारखं अर्धवट थिजलेलं. पामतेल ते, आपल्याकडच्या थंडीत थिजणारच. वरचं थोडं वितळवून तापल्या तव्यावर टाकलं तर तडतड उडालं, म्हणजे आत पाणी. हे गाडीच्या इंधन पंपात गेलं तर पंप गंजणार. आणि सोयाबीनचं तेल असतं तर? आपला माळवा सोयाबीनचाच. ते थिजत नाही, पण हवा आणि उष्णता लागली की त्याचा चिकट पापुद्रा धरतो. जुन्या कढईच्या कडेला बोट फिरवून बघा, कळेल.

शेतावरचं जुनं, संथ फिरणारं, पाण्याने थंड होणारं पंपाचं इंजिन असेल तर गोष्ट वेगळी. ते बरंच सोसतं. तिथेही तेल गाळून, पाणी काढून, तापवूनच द्यायचं. सुरू करताना डिझेल आणि बंद करण्याआधीही थोडा वेळ डिझेलच. धुराला भज्यांचा वास येतो, तेवढी गंमत फुकट.

बरोबर वाट आहे बायोडिझेलची. तेलात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घालून ते तोडतात. पातळ इंधन वर राहतं, ग्लिसरीन खाली बसतं. १०० किलो तेलामागे साधारण १० किलो ग्लिसरीन निघतं. पण कढईत पुन्हा पुन्हा उकळलेल्या तेलात आम्ल वाढलेलं असतं. त्यात थेट कॉस्टिक घातलं की इंधनाऐवजी साबणच जास्त. म्हणून आधी तपासणी, मग प्रक्रिया. आणि हे गच्चीवर करायचं काम नाही, कृपा करून. मिथेनॉल विषारी आहे आणि त्याची ज्वाळा दिवसाउजेडी जवळजवळ दिसतच नाही.

मला खरं बोलायचंय ते पुढच्या गोष्टीवर. तेलातले पोलर कंपाउंड, म्हणजे पुन्हा पुन्हा तापवून तेल बिघडल्यावर वाढणारे घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते खाण्यासाठी वापरायचं नाही, हा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. त्याच वर्षी १० ऑगस्टला, जागतिक जैवइंधन दिनी, एफएसएसएआयने म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने असं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवायची 'रुको' योजना आणली. छान. पण मोठ्या दुकानातलं काळं तेल छोट्या ठेलेवाल्याला स्वस्तात विकण्याची वाट बंद व्हायला कागद पुरत नाही, भाव लागतो. बायोडिझेलवाला ठेलेवाल्यापेक्षा दोन रुपये जास्त देईल, रोख देईल आणि दारात येऊन नेईल, तरच तेल तिकडे वळेल. दुकानदार व्यापारी माणूस आहे, उपदेशाने नाही हलणार.

याने देशाचं डिझेल वाचेल म्हणणाऱ्यांसाठी एकच हिशोब. देशात वर्षाला सुमारे ९ कोटी टन डिझेल जळतं. खायचं तेल सगळं मिळून अडीच कोटी टनांच्या आसपास, त्यातलंही निम्म्याहून जास्त आयात. कढईत उरतं ते त्यातलं कितीसं? म्हणून मला यात इंधनाचा प्रश्न कमी आणि पोटाचा जास्त दिसतो. ते काळं तेल टाकीत गेलं नाही तरी चालेल, पण कुणाच्या पोराच्या समोशात परत जाता कामा नये.

आपलं शहर कचरा सहा प्रकारांत वेगळा करतं, देवगुराड्याच्या प्लांटमध्ये ओल्या कचऱ्याचा गॅस करून बस चालवतं. मग तेलासाठी सातवा डबा का नको? दुकानांचं तेल वजन करून, पावती देऊन, पैसे मोजून न्यावं. घरांमध्ये एरवी फार निघत नाही, पण चकल्या-शेवेनंतर प्रत्येक घरात थोडं तरी उरतंच आणि ते मोरीत जातं. येत्या दिवाळीनंतर आठवडाभर कचरागाडीवर एक पिंप ठेवून बघायला काय हरकत आहे? आमच्या वॉर्डाच्या नगरसेवकांना मी चिठ्ठी दिलीय, तुम्हीही तुमच्या वॉर्डात द्या.