‘जिवंत जीवाश्म’ म्हणजे न बदललेला जीव नव्हे

नववीत शिकणाऱ्या माझ्या भाचीने काल एक फिरता संदेश मला पाठवला आणि खाली विचारले, ‘मामा, मग पुस्तकातला उत्क्रांतीचा धडा खोटा का?’ संदेशाचे म्हणणे असे: जिवंत प्राणी जीवाश्म असूच शकत नाही, म्हणजे शास्त्रज्ञांचाच गोंधळ आहे; सीलाकँथ हा मासा ४० कोटी वर्षांत तसूभरही बदललेला नाही; त्याची जनुकेही गोठलेली आहेत; सबब उत्क्रांती हे थोतांड आहे.

‘जिवंत जीवाश्म’ हा शब्दप्रयोग डार्विनने १८५९ साली, उत्क्रांती मांडणाऱ्या त्याच्या ग्रंथातच, प्लॅटिपससारख्या (अंडी घालणारा सस्तन प्राणी) प्राण्यांसाठी केला होता. स्पर्धा कमी असलेल्या मर्यादित प्रदेशात तगून राहिलेले जुन्या कुळांचे वारस, एवढाच त्याचा रोख होता. पुढे आधी जीवाश्मरूपात सापडून नंतर जिवंत आढळलेले जीव, मोठ्या कुळातली शेवटची एकदोन उरलेली रूपे आणि वरवर पूर्वजांसारखे दिसणारे जीव, अशा तिन्हींना हेच नाव दिले जाऊ लागले. शब्द सैल आहे, हे मान्य. पण ‘अजिबात न बदललेला’ हा अर्थ यांपैकी एकातूनही निघत नाही.

‘तसूभरही नाही’ हे विधान तर धडधडीत खोटे आहे. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ १९३८ साली जाळ्यात आलेला सीलाकँथ मासा लॅटिमेरिया या प्रजातीचा (जीनसचा) होता आणि त्या प्रजातीचे जीवाश्म आजवर मिळालेलेच नाहीत. ४० कोटी वर्षे हे वय साऱ्या कुळाचे आहे. त्या कुळात मॉसोनियासारखे कित्येक मीटर लांबीचे मासे होते, तसाच दुभंगलेल्या शेपटीचा, वेगाने पोहणारा रेबेलॅट्रिक्सही होता. डायनोसॉरच्या काळातल्या मॅक्रोपोमा या सीलाकँथचे फुप्फुस कठीण पट्टिकांनी वेढलेले होते. आजच्या प्रौढ माशात फुप्फुसाचा खुंटलेला अवशेष तेवढा उरला असून शेजारची जागा चरबीने भरलेल्या अवयवाने व्यापली आहे. फुप्फुसापर्यंत झालेला बदल ज्यांना तसूभरही वाटत नाही, त्यांनी जीवाश्म पाहिलेलेच नाहीत.

जनुकांच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने का होईना मान्य करतो. ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या माशाच्या जनुकसंचाच्या अभ्यासात, प्रथिने घडवणारी जनुके चतुष्पादांच्या (उभयचर, सरपटणारे प्राणी, पक्षी आणि सस्तन प्राणी यांच्या) तुलनेत सावकाश बदलल्याचे दिसले. परंतु सावकाश म्हणजे गोठलेली नव्हेत, आणि जनुकसंचाच्या इतर भागांत अशी मंदगती आढळली नाही, हेही त्याच निबंधात नोंदवले आहे.

संदेशाच्या शेवटी आणखी एक ‘जिवंत जीवाश्म’ म्हणून सायकॅड या ताडासारख्या दिसणाऱ्या वनस्पतींचे छायाचित्र जोडले आहे. त्यांचे कुळ डायनोसॉरांपेक्षाही जुने असले, तरी आजच्या बहुतेक जाती गेल्या सव्वा कोटी वर्षांच्या आसपासच वेगळ्या झाल्या. भाचीला मी एवढेच कळवले की धडा खरा आहे.