पालकांनी बाहेर थांबावे

गेल्या रविवारी सकाळी बेळगावातील शिक्षक पात्रता परीक्षेच्या एका केंद्राच्या फाटकावर रखवालदाराने माझ्यासमोर काठी आडवी धरली आणि माझ्या हातातील हॉल तिकिटाकडे ढुंकूनही न पाहता "पालकरु होरग इर्री" असे फर्मावले. पालकांनी बाहेर थांबावे! वय पन्नास, उरलेले केस पांढरे, पायात कोल्हापुरी चप्पल, खिशात चष्म्याचे घर. माझ्या मागे उभ्या असलेल्या, अबोलीचा गजरा माळलेल्या मुलीला मीच परीक्षेला आणून सोडले असावे, असे त्याला वाटले. त्याचा तर्क मला स्वतःलाही पटला आणि संताप आला तो त्याचाच. मुलगी आत गेली, मी रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर गेलो. पेपरला अजून तासभर अवकाश होता आणि इतक्या लवकर जाऊन त्या काठीशी हुज्जत घालण्याचे बळ माझ्यात नव्हते.

शिक्षक होण्याचा रीतसर मार्ग आज कोणीही सांगेल. बारावीनंतर दोन वर्षांची डीएलएड ही पदविका, मग शिक्षक पात्रता परीक्षेचा पहिला पेपर, की पहिली ते पाचवीला शिकवण्याची पात्रता आली. पदवी आणि बीएड असेल तर सहावी ते आठवीसाठी दुसरा पेपर. पात्र झाल्यावर नोकरी मिळतेच असे नाही, भरतीची परीक्षा पुन्हा वेगळी. आम्ही हा मार्ग उलट्या दिशेने चालत आहोत. मी टीसीएच हे जुने शिक्षकी प्रमाणपत्र घेऊन 2001 साली खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत रुजू झालो, तेव्हा ही परीक्षा जन्मालाही आली नव्हती. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, त्याच्या आधारे ही अट आली ती 2010 मध्ये. मग 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ज्यांची नोकरी पाच वर्षांहून अधिक उरली आहे अशा जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावे. पाचांहून कमी उरली असेल त्यांना माफी, मात्र परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय बढती नाही. आमच्या शाळांच्या केंद्रातील एका सरांची चार वर्षे आठ महिने उरली आहेत. त्यांनी दुसऱ्या दिवशी सर्वांना कुंदा वाटला. म्हातारे असल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी प्रथमच पाहिला, आणि तो कुंदा मी खाल्ला, हे मला अजून बोचते.

तर टपरीच्या बाकावर एक सत्तरीचे गृहस्थ बसले होते. डोक्यावर टोपी, खांद्यावर टॉवेल आणि मांडीवर सात महिन्यांचा नातू. सून आत गेली होती. नातवाने भोकाड पसरले होते आणि आजोबा एका हाताने खुळखुळा वाजवत दुसऱ्या हाताने चहा पीत होते.

"पोरगी आत गेली व्हय?" त्यांनी मला विचारले.

"मीच जाणार आहे, मामा. परीक्षा माझीच आहे."

त्यांनी मला टोपीपासून, म्हणजे जिथे टोपी असायला हवी होती तिथपासून, चपलेपर्यंत न्याहाळले. "मग इतकी वर्सं काय करत हुतासा?"

"शिकवत होतो."

"मग आता कशाला परीक्षा?"

"शिकवता येते का, ते बघायला."

हे उत्तर त्यांनी चहाच्या घोटाबरोबर गिळले. मग माझ्या हातातल्या गाइडकडे बोट दाखवून त्यात काय लिहिले आहे ते वाचून दाखवा म्हणाले. बालविकास आणि अध्यापनशास्त्र या विषयाला तीस गुण असतात आणि तो विषय मला आदल्या रात्रीपर्यंत घाम फोडत होता. मी वाचले की, पियाजे नावाचे एक स्विस शास्त्रज्ञ होते, त्यांनी स्वतःच्या तीन मुलांचे निरीक्षण करून सिद्धांत मांडला, आणि त्यांच्या मते साधारण आठ महिन्यांच्या आतील मुलासमोर खेळणे झाकले तर ते शोधत नाही, कारण दिसेनासे झालेले खेळणे त्याच्या लेखी नाहीसेच झालेले असते.

"बघूया की," असे म्हणून आजोबांनी तत्काळ खुळखुळा टॉवेलखाली सारला. नातू गप्प झाला, टॉवेलकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि दुप्पट आवाजात रडू लागला. आजोबा म्हणाले, "शोधत न्हाई खरं. पन गेलं म्हणून रडतंय की! नसल्यालं असतं तर कशाला रडलं असतं?" गाइडमध्ये याचे उत्तर नव्हते. आम्ही दोघांनी पुढचा मागचा मजकूर चाळून पाहिला.

पुढचा प्रयोग मी कशाला वाचला कोण जाणे. बुटक्या पेल्यातले पाणी मुलासमोर उंच, अरुंद पेल्यात ओतले, तर सात वर्षांखालच्या बहुतेक मुलांना ते जास्त झाले असे वाटते. त्यानंतर हळूहळू कळू लागते की, भांडे बदलले तरी पाणी तेवढेच राहते. आजोबांनी आपला चहा ग्लासातून बशीत ओतला. त्यातला थोडा बाकावर, थोडा नातवाच्या लंगोटावर आणि थोडा माझ्या गाइडवर सांडला. "कमी झाला," त्यांनी निकाल दिला. मी म्हटले, सांडलेला धरायचा नसतो. "का न्हाई धरायचा? पैसे सगळ्याचं दिलेत की ओ गुरुजी!" टपरीवाल्याने मान डोलावली. शास्त्रज्ञाच्या बाजूला मी एकटाच उरलो.

खरे सांगायचे तर तेव्हा मला हसू आले नव्हते. चोवीस वर्षांत मी मतदार याद्या केल्या, घरोघर फिरून जनगणना केली आणि 2025 च्या दसऱ्याच्या सुटीत राज्याच्या सामाजिक व शैक्षणिक सर्वेक्षणासाठी मोबाइलला सिग्नल मिळावा म्हणून जांबोटीकडच्या एका घराच्या गोठ्यावर चढलो. शाळेत अंडी मोजून घेतली, सोलून वाटली, न खाणाऱ्यांना केळी दिली. अंडे सोलण्यासाठी माझी पात्रता कोणी तपासली नाही. दोन वर्ग एका खोलीत बसवून शिकवताना तर नाहीच नाही. आता 150 मिनिटांत 150 प्रश्न आहेत. माझ्या दुसरीतल्या पोरांना पेन्सिल शोधायला याहून अधिक वेळ मी देतो. 150 पैकी 90 गुण मिळवले नाहीत तर त्या अंड्यांचे काय होईल, हे मला कोणी सांगावे.

नऊ वाजून गेल्यावर मी पुन्हा फाटकाशी गेलो. रखवालदाराने काठी उचलली, मी हॉल तिकीट त्याच्या नाकाला लागेल इतके जवळ धरले. त्याने फोटो पाहिला, मला पाहिले आणि बाजूला होत "होग्री, सर" म्हणाला, म्हणजे जा, सर. त्या 'सर'मध्ये आदर किती आणि कीव किती, याचा विचार मी मराठीच्या पहिल्या सहा प्रश्नांपर्यंत करत होतो, आणि सर्वनामाचा एक प्रश्न त्यातच गेला. चोवीस वर्षे मी सर्वनामे शिकवली आहेत.

पेपर सुटल्यावर बाहेर आलो तेव्हा आजोबा त्याच बाकावर होते. सून लगबगीने येऊन बाळाला उराशी धरत होती आणि आजोबा मला लांबूनच हात करत होते.

"गुरुजी, तुमी आत गेल्यावर म्या चार डाव झाकला. चौथ्या टायमाला टॉवेल वढून काडला बघा यानं खुळखुळा! आठ महिनं भरायचं हाईत अजून. आमचा पास झाला. तुमचं काय झालं?"

निकाल यायचा आहे, असे मी सांगितले.