गरोदर बाईला उपाशी ठेवा, असं मी म्हणत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. गरोदरपणातल्या मधुमेहाचा धोका कमी व्हावा म्हणून पहिल्या तीन महिन्यांतल्या आहारावर मी लेख लिहिला, तर मी पोटुशी मुलींना घाबरवते, त्यांना डाएटिंगला लावते, असं तुम्ही म्हणता. आपल्या आज्यांनी तूप-शिरा खाऊनच बाळंतपणं काढली, आणि शुगर निघाली की दोष पुन्हा बाईच्या खाण्यालाच, हेही.

शेवटचं आधी घेते, कारण ते मला लागलं आणि ते खरं आहे. ‘गरोदरपणातला मधुमेह टाळणं आईच्याच हातात आहे’ हे माझं वाक्य चुकीचं होतं, काढून टाकलं. वारेतून येणारी संप्रेरकं साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यापासून इन्सुलिनचा परिणाम कमी करतात. तेवढं जादा इन्सुलिन ज्या शरीराला बनवता येत नाही, त्याची साखर वाढते. घराण्यातला मधुमेह, वय, पीसीओएस (अंडाशयाचा, संप्रेरकांचा विकार) हे काही कुणी निवडून घेत नाही. आहारानं धोका कमी होऊ शकतो, शून्य होत नाही.

मला स्वतःला पहिल्या खेपेला सातव्या महिन्यात शुगर निघाली. सुरुवातीचे तीन महिने मळमळीमुळे मी ग्लुकोजची बिस्किटं, लिंबू सरबत आणि चहावर काढले होते. त्यानंच झालं असं म्हणणार नाही, वडिलांनाही मधुमेह आहे. पण उशाशी फुटाणे ठेव, सरबताऐवजी ताक पिऊन बघ, एवढं तरी तेव्हा कुणी सांगायला हवं होतं. लेख त्यासाठी लिहिला.

आज्यांचं म्हणाल, तर त्यांची साखर कुणी तपासलीच नव्हती. ‘पोटातच गेलं’, ‘मूल मोठं होतं, अडलं’ असं जुन्या घरांतून ऐकू येतं. त्यातलं किती साखरेमुळे, हे कळायला मार्गच नव्हता. शिवाय त्यांचा शिरा सणासुदीचा होता, रोजची भाकरी होती. आता उपासाला साबुदाणा, एरवी दोन वेळा भात, आणि ‘बाळासाठी’ म्हणून ग्लासभर फळांचा रस. फळ चावून खाल्लं तर तीच साखर रक्तात सावकाश जाते.

आणि डाएटिंग? नाही हो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९०च्या दशकात जवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा अभ्यास केला. या बाया मुळातच बारीक होत्या. ज्यांच्या जेवणात पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा होतं, त्यांची बाळं आकारानं मोठी होती, आणि बारीक आयांच्या बाळांसाठी ते चांगलंच. म्हणजे ताटात काय आहे, त्याला महत्त्व आहे. ‘दोन जिवांचं खा’ हे पहिल्या तिमाहीला लागू होत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेनं सांगितलेले रोजचे जादा ३५० किलोकॅलरी पुढच्या महिन्यांसाठी आहेत. ते तरी किती? एक भाकरी, वाटीभर आमटी, कपभर दूध.

तुमची सून तिसऱ्या महिन्यात आहे, असं लिहिलंत. तिची ग्लुकोजची चाचणी झाली का, एवढं विचारा. सरकारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ती पहिल्याच भेटीत करायची, आणि तेव्हा ठीक आली तर २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. उपाशी जावं लागत नाही: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून घ्यायचं, दोन तासांनी रक्त तपासायचं, १४० किंवा जास्त आलं तर उपचार. बारीक आहे म्हणून टाळू नका, बारीक मुलींनाही होतो.

आणि तिला शिऱ्याचे डोहाळे लागले, तर जरूर करा. छोटी वाटी, जेवण झाल्यावर.