मासा लाखो अंडी घालतो, म्हणून?

मृगाच्या सरी पडल्या की अळंब्यांसारखा आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज उगवतो. यंदा तो आतेभावाने टाकला. पाच मिनिटांत खाली माझ्या भाच्याचं उत्तर: "मामा, घरातली जुनी मच्छरदाणी आणतो, शनिवारी ओढ्यावर." भाचा दहावीला आहे, विज्ञानात बरे मार्क मिळवतो. इतकी वर्षं मी गप्प बसले, आता नाही.

ज्यांच्याकडे तो मेसेज आला नसेल (असं कोणी कोकणात उरलंय का?) त्यांच्यासाठी थोडक्यात. नाव 'मासेमारी बंदीचं थोतांड'. म्हणणं असं: मासा एका वेळी लाखो अंडी घालतो, तेव्हा कितीही धरा, संपत नाही. वलगणीला (पहिल्या पावसात ओढ्यानं उलटे वर) चढणारे मासे समुद्रातून येतात आणि अंडी घालून मरतातच, मग आधी धरले तर काय बिघडलं? मोठाच मासा धरावा, त्याची अंडी घालून झालेली असतात. शेतातले मासे तर आभाळातून पडतात. आणि शेवटी, बंदी काय ती गरिबालाच.

आभाळातलं आधी निकालात काढू. मासे ओहोळाने, बांधाच्या फुटीतून, वाहत्या पाण्याला अंगावर घेत शेतात येतात. पहिल्या पावसात रात्री बॅटरी घेऊन बांधावर उभं राहा, पाणी उतरतंय तिथे उलट्या दिशेने चमकणारी अंगं दिसतील. मरळीसारखे काही मासे हवेतूनही श्वास घेतात, त्यामुळे पाणी आटत आलेल्या चिखलातही तग धरतात. आभाळाचा संबंध पावसापुरता.

"अंडी घालून मरतातच" हे कुठून आलं तेही कळतं. कुठल्या तरी चॅनेलवर अलास्कातला साल्मन बघितला असणार. पॅसिफिक महासागरातले ते साल्मन समुद्रातून नदीत चढतात, अंडी घालतात आणि मरतात, हे खरं. पण आपल्या ओढ्यात चढणारे बहुतेक मासे समुद्र बघतही नाहीत. ते नदीच्या डोहातले, गोड्या पाण्यातले. पूर आला की उथळ, नव्या पाण्यात अंडी सोडतात आणि पाण्याबरोबर परत डोहात उतरतात. वाचले तर पुढच्या वर्षी पुन्हा चढतात. आमच्या रायगडची शान असलेला जिताडा तर याच्या बरोब्बर उलट वागतो: वाढतो खाडीत नि गोड्या पाण्यात, अंडी घालायला जातो खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्याकडे.

आता लाखो अंड्यांचा मुद्दा. हाच सगळ्यात घातक, कारण यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. रोहूची मादी वजनाच्या किलोमागे दोन-अडीच लाख अंडी देते. मान्य. मग जरा हिशेब करू. एका मादीने जन्मभरात दहा लाख अंडी घातली असं धरा. नदीतले मासे वर्षानुवर्षं साधारण तेवढेच राहत असतील, तर त्या दहा लाखांतून स्वतः अंडी घालण्याइतके मोठे होतात सरासरी दोन. आईच्या जागी एक, बापाच्या जागी एक. उरलेली ९,९९,९९८ बेडूक, किडे, दुसरे मासे, चिखल आणि ऊन खातात. तसं नसतं तर चार वर्षांत आमच्या पाताळगंगा नदीत पाण्याऐवजी मासेच वाहिले असते. लाखो अंडी हे माशाच्या सुबत्तेचं लक्षण नाही, त्याच्या पिल्लांच्या मरणाचा तो आकडा आहे. आणि साकवाखाली (ओढ्यावरच्या छोट्या पुलाखाली) मच्छरदाणी लावून तुम्ही धरता ती या लाखांतून वाचून आलेली एक, तीही अंड्यांनी पोट भरलेली.

कोणी म्हणेल, "तिने नाही घातली तर दुसरीकडे घालेल कोणीतरी." नाही घालत. रोहू, कटला तळ्याच्या साचल्या पाण्यात वाढतात, गाभोळी (पोटातली अंडी) धरते, पण अंडी सोडत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणूनच पूर्वी मत्स्यशेतीसाठी नदीतून बीज, म्हणजे माशांची इवली पिल्लं, गोळा करून आणावं लागायचं. १० जुलै १९५७ ला ओडिशात हिरालाल चौधुरी आणि अलिकुन्ही यांनी माशाच्याच मेंदूजवळच्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांकडून अंडी सोडवून घेतली, तेव्हा कुठे हे कोडं सुटलं. १० जुलै आजही राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात. जे मिळवायला शास्त्रज्ञांना सुई घ्यावी लागली, ते पूर फुकटात करतो. तेवढेच चार दिवस आपण जाळी घेऊन उभे.

शिवाय सगळे मासे लाखांच्या हिशेबात बसतच नाहीत. मुशी, म्हणजे छोटा शार्क, घ्या. ती अंडी घालत नाही, पिल्लांना जन्म देते, एका वेळी फार तर दीड-दोन डझन. बाजारात मावशीने मुशी चिरली आणि पोटातून बोटाएवढी, नाळेसकट पिल्लं बाहेर आली, हे मी पाहिलंय. मावशीने ती सवयीने बाजूला सारली. पाकटही पिल्लंच देतं. यांना कुठला लाखाचा गुणाकार लावणार?

मोठे मासे धरण्याबद्दल: लहान सोडा, हे बरोबरच आहे. राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींची किमान लांबी ठरवून दिली, पापलेट १३५ मिमी, सुरमई ३७०, घोळ ७००. निदान एकदा तरी प्रजनन व्हावं, हा हेतू. पण "मोठ्याची अंडी घालून झाली" हे चूक. मासा दरवर्षी अंडी घालतो आणि मादी जितकी मोठी तितकी जास्त. जिताड्याची तर गंमतच. तो आधी नर असतो, काही वर्षांनी मादी होतो. मोठे जिताडे म्हणजे जवळजवळ सगळ्या माद्या. त्या उचलल्या की खाडीत नुसते नवरदेव.

बंदीचं बोलायचं तर नाइलाजाने एक कबूल करते. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, समुद्रात यांत्रिक होड्यांना बंदी असते आणि बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना नसते, हे मेसेजवाले सोयीस्कर विसरतात. पण २०१७ पासून एलईडी दिव्यांनी मासे ओढून करायच्या मासेमारीला बंदी असूनही भर समुद्रात रात्री दिवाळी दिसते, ही तक्रार खोटी नाही. त्यांना धरा, माझी ना नाही. पण शेजारी चोरी करतो म्हणून आपण आपल्याच कणगीला भोक पाडायचं?

वलगणीचे मासे मीही खाल्लेत. आजीच्या हातचं, चिंचेचं आंबट घालून, गाभोळीसकट. तेव्हा आजोबा पाग (हाताने फेकायचं जाळं) घेऊन जायचे, एका जेवणापुरते आणायचे. आता अख्खा ओहोळ मच्छरदाणीने बंद करतात, वर बॅटरीचा करंट सोडतात. त्यात बोटाएवढी पोरंही सुटत नाहीत.

भाच्याला वेगळा मेसेज केलाय: मच्छरदाणी परत ठेव. शनिवारी ये, पण रिकाम्या हाताने. तळ्याच्या कडेला मरळीच्या पिल्लांचा लालसर घोळका कधी कधी वर येतो, खाली आईबाप राखण करत असतात. दिसला तर दाखवीन. आतेभावाने अजून निळी टिक दिलेली नाही.