बायकांचा मेंदू, पुरुषांचा मेंदू आणि घरातली कामं

घराघरांतल्या व्हॉट्सअॅप गटांवर एक मजकूर गेली कित्येक वर्षं फिरतो आहे. महिला दिन आला किंवा कुणाचं लग्न ठरलं की तो हमखास वर येतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच राहतात. स्त्री दिवसाला वीस हजार शब्द बोलते आणि पुरुष सात हजार. पुरुषाचा मेंदू एका वेळी एकच काम करतो, स्त्रीचा दहा. गणित, नकाशा आणि गाडी ही पुरुषाची क्षेत्रं, कारण आदिमानवाच्या काळी तो शिकारीला जायचा आणि ती गुहेत मुलं सांभाळायची. शेवटी जोडलेल्या हातांचं चित्र आणि खाली ओळ: यात कुणी कमी-जास्त नाही, ही निसर्गाची योजना आहे, समजून घ्या म्हणजे संसार सुखाचा होईल.

मी नववी-दहावीला गणित शिकवते. हा मजकूर मला नात्यातून आला, सहकाऱ्यांकडून आला, पालकांच्या गटावरही आला. ‘गंमत आहे, सोडून द्या’ असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही, कारण यातलीच वाक्यं पुढे पालकसभेत मला समोरासमोर ऐकावी लागतात आणि त्यांवर मुलींचे निर्णय होतात. म्हणून एकेक दावा घेते.

‘स्त्री वीस हजार शब्द बोलते, पुरुष सात हजार.’ हे आकडे जगभर पोचले ते एका अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ बाईंच्या २००६ सालच्या लोकप्रिय पुस्तकातून. त्या आकड्यांना मोजणीचा आधार नव्हता आणि नंतरच्या आवृत्त्यांतून ते काढूनही टाकले गेले. खरी मोजणी २००७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आली. अमेरिका आणि मेक्सिकोतल्या ३९६ विद्यार्थ्यांच्या अंगावर छोटी यंत्रं लावली, ती दिवसभर अधूनमधून आपोआप आवाज टिपत राहिली. हिशेब निघाला तो असा: मुली सरासरी १६,२१५ शब्द, मुलगे १५,६६९. एवढा फरक योगायोगानेही पडतो.

२०२५ मध्ये त्याच पद्धतीने दोन हजारांहून अधिक माणसांचं बोलणं मोजलं गेलं. त्यात २५ ते ६४ या वयात बायका दिवसाला सुमारे तीन हजार शब्द जास्त बोलतात असं दिसलं. हे मी लपवणार नाही. पण त्याहून लहान आणि त्याहून मोठ्या वयात असा ठळक फरक सापडला नाही. मेंदूची घडणच तशी असती तर ती अठराव्या वर्षीही दिसायला हवी होती आणि सत्तराव्या वर्षीही. पंचवीस ते चौसष्ट हे मुलं वाढवायचं वय आहे, आणि संशोधकांनीही या शक्यतेकडे बोट दाखवलं आहे. ऊठ, दात घास, वही घेतलीस का, आजींना विचार चहा घेणार का, बाईंनी काय सांगितलं. यातला प्रत्येक शब्द मोजणीत धरला जातो. ज्याच्यावर हे सगळं बोलण्याची वेळ येत नाही त्याची बेरीज कमी भरणारच.

उलट जिथे बोलण्याला वजन असतं तिथे चित्र वेगळं दिसतं. सभा-बैठकांतल्या आणि इतर मिश्र गटांतल्या बोलण्यावरच्या ५६ अभ्यासांचा १९९३ साली आढावा घेतला गेला. त्यांपैकी फक्त दोन अभ्यासांत बायका अधिक बोलल्या होत्या. आपल्याकडे महाराष्ट्रात २०११ पासून पंचायत राज संस्थांत निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत, तरी कित्येक गावांत ग्रामसभेत बोलतो तो सरपंचबाईंचा नवरा.

आता तो मुख्य दावा: ‘स्त्री एकाच वेळी दहा कामं करू शकते.’ यावर मला जास्त बोलायचं आहे, कारण हा कौतुकाच्या वेषात येतो.

२०१९ मध्ये जर्मन संशोधकांनी ४८ पुरुष आणि ४८ स्त्रियांना अक्षरं-आकड्यांची दोन-दोन कामं एकदम आणि आलटून-पालटून करायला लावली. दोघांचाही वेग मंदावला, दोघांच्याही चुका वाढल्या, आणि दोघांच्याही साधारण सारख्याच वाढल्या. त्याआधी २०१३ मधल्या एका ब्रिटिश अभ्यासात बायका किंचित सरस ठरल्या होत्या. म्हणजे असलाच तर फरक लहान आहे आणि दर वेळी सापडतोही असं नाही. त्यावर अख्खं स्वयंपाकघर उभं करता येत नाही.

सकाळी सहा वाजताची ओट्यासमोरची बाई डोळ्यांसमोर आणा. एका शेगडीवर कुकर, दुसरीवर तवा. कुकर उतरला की त्याच्या जागी कढई. पोळी फुगेपर्यंत कांदा परतायचा. तेवढ्यात नळाला पाणी आलेलं असतं, मग पिंप भरायला नळी लावायची. मुलाला भाजी चालत नाही म्हणून त्याच्या डब्याला वेगळं काही. सासऱ्यांची थायरॉइडची गोळी उपाशीपोटी द्यायची, म्हणजे चहाच्या आधी. आणि हे सगळं चालू असताना डोक्यात आणखी एक यादी: गॅसचा नंबर लावायचा राहिलाय, शाळेत शनिवारी पांढरे बूट लागणार आहेत, नणंदेला फोन करायचाय. तिला हे जमतं, कारण साडेसातला रिक्षा येते आणि हे करणारं घरात दुसरं कुणी नसतं. त्यात भाजी कधी लागते, हात कधी पोळतो. तो पोळलेला हात कुठल्याही मजकुरात नसतो.

आणि पुरुषांना हे जमत नाही म्हणता? कुठल्याही स्टेशनबाहेरच्या वडापावच्या गाडीपाशी पाच मिनिटं उभे राहा. तो माणूस घाणा तळतो, पाव चिरून चटणी लावतो, कुणाचे दोन आणि कुणाचे चार हे लक्षात ठेवतो, सुटे परत देतो आणि यूपीआयचा आवाज आला की नाही याकडेही कान ठेवतो. लग्नाचा आचारी हजार पानांचा स्वयंपाक एका वेळी सांभाळतो. मेंदू तोच असतो. बाहेर त्या कामाचे पैसे मिळतात.

घरातलं मोजमाप सरकारनेच केलं आहे. केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं गेली, पुरुषांची ८८. ही सरासरी फक्त त्या दिवशी असं काम केलेल्यांची आहे. मुळात असं काही काम केलेल्या बायका शंभरांत सुमारे ८१ होत्या आणि पुरुष २७. उरलेल्या ७३ जणांचा आकडा शून्य आहे. २०१९ च्या सर्वेक्षणात बायकांची मिनिटं २९९ होती, पुरुषांची ९७. पाच वर्षांत दोघांचीही नऊ-दहा मिनिटं कमी झाली आणि दरी होती तेवढीच राहिली. पावणेपाच तासांच्या या कामाला ‘निसर्गाची देणगी’ म्हटलं की ते वाटून घेण्याचा विषयच निघत नाही. या मजकुराचा खरा उपयोग हाच आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

मेंदूच्या रचनेबद्दल एवढंच. पुरुषांचा मेंदू सरासरीने आकाराने मोठा असतो, साधारण दहा टक्के, आणि त्यांचं शरीरही मोठं असतं. तेल अवीवच्या संशोधकांनी २०१५ मध्ये १,४०० हून अधिक मेंदूंची चित्रं तपासली. सगळे भाग ‘पुरुषी’ किंवा सगळे ‘बायकी’ असे मेंदू फार थोडे निघाले, बहुतेकांत सरमिसळ होती. मेंदूच्या चित्रावरून व्यक्ती स्त्री की पुरुष हे संगणक बऱ्याचदा ओळखतो, हेही खरं आहे. डबा कुणी भरायचा हे मात्र त्या चित्रात कुठेच लिहिलेलं नाही.

‘मुलींना गणित आणि नकाशा जमत नाही.’ हा माझा विषय.

एका पालकसभेतली गोष्ट. गणित भाग दोनच्या सरावपरीक्षेत एका मुलीला चाळीसपैकी अडतीस गुण होते. वर्तुळाच्या प्रमेयावरचं शेवटचं उदाहरण तिने स्वतःची वेगळी रचना काढून सोडवलं होतं, पुस्तकातल्यापेक्षा दोन पायऱ्या कमीत. वडील उत्तरपत्रिका चाळून म्हणाले, ‘घोकते हो खूप. दहावीपर्यंत चालतं.’ त्याच दिवशी एकवीस गुणांच्या मुलाचे वडील म्हणाले, ‘डोकं आहे मॅडम त्याच्याकडे, फक्त बसत नाही.’ मुलीचे गुण म्हणजे कष्ट आणि मुलाचे कमी गुण म्हणजे झाकलेली हुशारी, हा हिशेब मी दर वर्षी ऐकते. मग अकरावीला तिला ‘जवळचं कॉलेज बरं’ आणि त्याला क्लासची फी.

डोक्यातल्या डोक्यात वस्तू फिरवून पाहण्याच्या चाचण्यांत पुरुषांची सरासरी बऱ्याच ठिकाणी वर असते, हे मान्य. पण टोरोंटोतल्या २००७ मधल्या प्रयोगात दहा तास व्हिडिओ गेम खेळायला दिल्यावर स्त्री-पुरुषांमधला तो फरक बराच खाली आला. जी गोष्ट दहा तासांच्या सरावाने हलते तिला जन्मजात कसं म्हणायचं?

याहून बोलका अभ्यास आपल्याच देशातला आहे. मेघालयातल्या खासी आणि कार्बी गावांत सुमारे तेराशे लोकांना चार तुकडे जुळवायचं कोडं दिलं गेलं. निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही समाज शेजारी राहणारे, शेती आणि खाणं सारखंच. मात्र खासींमध्ये वारसा धाकट्या मुलीकडे जातो, तर कार्बींमध्ये थोरल्या मुलाकडे, आणि बाईच्या नावावर जमीन नसते. कार्बी पुरुषांना कोडं सोडवायला बायकांपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी वेळ लागला. खासींमध्ये स्त्री-पुरुषांत फरक आढळला नाही. कार्बी बायकांचं शिक्षण कमी होतं, ते यामागचं एक कारण. पण ते शिक्षणही कुणीतरी कमीच ठेवलेलं होतं. माझ्याकडे कुणी ‘मुलींचं डोकं’ हा विषय काढला की मी त्याला या दोन समाजांबद्दल सांगते.

नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीत बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली. मेंदूच्या सरासऱ्या एका खेळाडूने खोट्या ठरत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी मी हे वर्गात मुलींना सांगते, कारण सराव करायला वेळ, पैसा आणि घरचा पाठिंबा मिळाला की काय होतं ते त्यांना कळायला हवं.

गाडीचा दावा झटकन संपतो. युरोपात तरुण मुलींना गाडीचा विमा मुलांपेक्षा स्वस्त पडायचा, कारण कंपन्यांना मुलांच्या अपघातांची भरपाई जास्त द्यावी लागायची. समानतेच्या मुद्द्यावर युरोपीय न्यायालयाचा निकाल लागला आणि डिसेंबर २०१२ पासून हा वेगळा दर बंद झाला. विमा कंपनी पैशांचा हिशेब करते, तिथे विनोद चालत नाहीत. आपल्याकडे साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी मार्च २०२३ मध्ये सोलापूरहून मुंबईला वंदे भारत आणली, घाटातून. त्याआधी तीन दशकं त्या रेल्वे चालवत होत्या.

राहिला आदिमानव. पेरू देशातल्या अँडीज पर्वतात सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं. शेजारी भाल्याची टोकं आणि शिकार सोलायची हत्यारं होती. आधी ती व्यक्ती पुरुषच धरली गेली. तपासणीत ती सतरा ते एकोणीस वर्षांची मुलगी निघाली, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. एका दफनावरून सगळा इतिहास ठरत नाही, पण ‘ती गुहेत, तो रानात’ हेही कुणी पाहून आलेलं नाही.

आणि बाई नाजूक म्हणून घरात बसली, हे तर महाराष्ट्रात बसून कुणी म्हणूच नये. स्नायूंची ताकद पुरुषात सरासरीने जास्त असते, यात वाद नाही. पण बीडमधून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला ‘एक कोयता’ धरतात. नवरा-बायको मिळून एक. मुकादमाकडून उचल घेतो नवरा. बाई ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहून ट्रकपर्यंत नेते आणि खोपीवर आल्यावर चूलही तीच पेटवते. पाळीच्या दिवसांतही सुट्टी नाही, खाडा झाला की दंड. राज्याने नेमलेल्या समितीच्या २०१९ मधल्या पाहणीत बीडच्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. नाजूकपणाचा नियम त्यांना कुणी लावला नाही. तो लावला जातो तेव्हा बाईने पगाराची नोकरी मागितलेली असते, किंवा रात्रपाळी, किंवा बढती.

शेवटचा बचाव असा असतो: ‘पण यात स्त्रीचा गौरवच आहे ना?’ ताराबाई शिंदे यांनी बुलढाण्यात बसून १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली, तेव्हा स्त्रीजातीवर उघड आळ घेतले जायचे. ताराबाईंनी ते एकेक घेतले आणि हेच दोष पुरुषांत नाहीत काय, असं विचारलं. आता आळ घेत नाहीत, पाठ थोपटतात, आणि त्यामुळे उत्तर देणारी बाई खडूस ठरते. या गौरवाची किंमत नियमांतही दिसते. राज्य सरकारने २०१८ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली. ती पुरुषाला मिळते, पण बायको वारली असेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली असेल तरच. खासगी नोकरीत कायद्याने आईला २६ आठवडे आहेत, बापाला एकही दिवस नाही. कुठलीही कंपनी हे पाहूनच ठरवते की मुलगी घ्यायची की मुलगा. बापालाही ती १८० दिवसांची रजा द्या, कुठल्याही अटीविना, आणि खासगी नोकरीतही पितृत्व रजा कायद्याने सक्तीची करा. हा मजकूर मला पुढच्या वेळी पाठवणाऱ्यांनी आधी या मागणीवर सही करावी.