संपादित बियाणे येईपर्यंत स्वस्थ कसे बसावे

सोयाबीनच्या किंवा भुईमुगाच्या शेतात अळी दिसू लागली, तर खानदेशातील सुज्ञ शेतकऱ्याने यापुढे बांधाकडे फिरकू नये. पारावर बसून ‘क्रिस्पर’ या, पिकाच्या जनुकांत नेमका बदल म्हणजे ‘संपादन’ करणाऱ्या तंत्राच्या नावाचा उच्चार तेवढा बिनचूक करावा. हे तंत्र 2012 मध्ये जगापुढे आले आणि 2020 मध्ये ते विकसित करणाऱ्या दोघींना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. एवढे होऊनही अळी शेत सोडत नसेल, तर दोष तिच्या अज्ञानाचा आहे.

तंत्र समजून घेण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. बीटी कापसात मातीतील जिवाणूचे जनुक बाहेरून आणून बसवले होते, तर संपादनात बहुधा पिकाचेच एखादे जनुक नेमक्या जागी कापून निकामी केले जाते, हा फरक एकदा कळला की कडाडून विरोध करणाऱ्याची आणि डोळे झाकून टाळ्या वाजवणाऱ्याची, अशा दोघांचीही पंचाईत होते. चीनमधील संशोधकांनी 2022 मध्ये सोयाबीनचे असेच एक जनुक बंद केले, तेव्हा पानांतील फ्लेव्होनॉइड द्रव्यांचे प्रमाण बदलले आणि घाटेअळीला व पाने खाणाऱ्या अळीला ते पीक मानवेनासे झाले. पुढच्याच वर्षी दिल्लीतील शास्त्रज्ञांनी मोहरीच्या दाण्यातील उग्र द्रव्य कमी करून पानांतील मात्र राखले, म्हणजे पेंड जनावरांना चालावी आणि पानांचे संरक्षण टिकावे. अशा वेळी पाने कुरतडणाऱ्या अळीवरचा हा उपाय खोडात शिरणाऱ्या खोडमाशीवर चालेल काय, असे कोणी विचारू लागल्यास त्याचा चहा बंद करावा.

बियाणे प्रत्यक्ष हाती आल्यावर काय करायचे, हे नव्याने शिकण्याची गरज नाही; आपला अनुभव दांडगा आहे. 2002 मध्ये बीटी कापूस आला, तेव्हा पाकिटासोबत बिगर बीटी बियाण्याची एक पुडी येत असे आणि ती शेताच्या कडेने पेरावी, म्हणजे किडीच्या पुढच्या पिढ्यांत प्रतिकारशक्ती लवकर मुरणार नाही, असे सांगितले जात असे. ती पुडी आपण बांधावर फेकली, पाण्याची सोय होती त्यांनी फरदड, म्हणजे वेचणी संपलेला कापूसच पुढच्या बहरासाठी, उन्हाळ्यापर्यंत उभी ठेवून गुलाबी बोंडअळीच्या राहण्याजेवणाची सोय केली, आणि 2017 मध्ये बोंडे फोडून पाहिली तेव्हा कंपनीने फसवले असे एकमुखाने जाहीर केले. तेलबियांतही हाच क्रम ठेवावा, मात्र पंधरा वर्षे लावू नयेत.

मधल्या काळात स्वस्त उपायांपासून स्वतःला जपावे. भुईमुगाच्या कडेने एरंडी लावली, तर पाने खाणाऱ्या अळीचा पतंग तिच्या रुंद पानांवर अंडी घालणे पसंत करतो. पान उलटून पाहिल्यास तपकिरी लवेने झाकलेला अंड्यांचा पुंजका दिसतो आणि तेवढे पान तोडून नष्ट केले की शेकडो अळ्या शेतात उतरण्याआधीच संपतात. या उपायाचा मोठा दोष असा, की त्यात पावती फाडावी लागत नाही, त्यामुळे त्याला शास्त्र म्हणणे जड जाते. मादीच्या गंधाने नर पतंगांना पकडणारे कामगंध सापळे आणि निंबोळी अर्क हेही याच गरीब घराण्यातले. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राने ‘फुले प्रगती’ हा भुईमूग दिला, म्हणून तिथेही जाऊन नसते प्रश्न विचारू नयेत. तेलबियांची एवढी काळजी कशाला? शेवभाजीवरची तर्री आयात केलेल्या पामतेलाची असली, तरी ती लालच दिसते.

खरेदीत मात्र दिरंगाई नको. बाहेरचे जनुक शिल्लक नसलेल्या संपादित पिकांना केंद्राने मार्च 2022 मध्ये जैवसुरक्षेच्या काही नियमांतून सूट दिली आणि मे 2025 मध्ये देशातील पहिली दोन संपादित वाणे जाहीर झाली, पण ती भाताची आहेत. तेव्हा रात्री मोटारसायकलवरून येऊन ‘संपादित सोयाबीन’ देणारा गृहस्थ शास्त्रज्ञांच्याही पुढे गेलेला असणार, हे ओळखून त्याच्याकडून घ्याल तेवढी पाकिटे घ्यावीत. तणनाशक सहन करणाऱ्या विनापरवाना एचटीबीटी कापसाने हा मार्ग आधीच मळून ठेवला आहे. पावती मागून त्याचा अपमान करू नये, आणि रिकामी पिशवी व तिचा टॅग पेरणीच्याच दिवशी जाळून टाकावा, म्हणजे उगवण न झाल्यास तालुक्याच्या तक्रार निवारण समितीला कागद तपासण्याचा त्रास होणार नाही.