‘एक मॅमोग्राफी, एक जीव’ : या हिशेबात काय चुकतं

ऑक्टोबर आला की गुलाबी फितीबरोबर एक संदेश फिरायला लागतो. मला तो यंदा चौघांनी पाठवला. मजकूर साधारण असा : स्तनाचा कर्करोग लवकर सापडला तर 98 टक्के बायका वाचतात, उशिरा सापडला तर 23 टक्केच. म्हणून एका गरीब बाईच्या मॅमोग्राफीचे (स्तनांच्या एक्स-रे तपासणीचे) पैसे द्या आणि एक जीव वाचवा. मशीनची गाडी वस्तीत गेली की मुख्य काम झालं, पुढचं पुढं बघता येईल. बायका आल्याच नाहीत, तर कारण अज्ञान. आणि शेवटची ओळ : गाठ दुखत नाही म्हणून थांबू नका.

गरीब बायकांच्या तपासणीसाठी देणगी द्यावी, याबद्दल माझा वाद नाही. वाद आहे तो हा संदेश वाचून देणगीदार पैसा कुठे नेऊन थांबवतो, याबद्दल.

‘98 विरुद्ध 23’

हे आकडे सुझन जी. कोमेन या अमेरिकी संस्थेच्या 2011 च्या जाहिरातीतले. पुढच्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये स्टीव्हन वोलोशिन आणि लिसा श्वार्ट्झ यांनी त्यांची चिरफाड केली. निदानानंतर पाच वर्षांनी किती जणी जिवंत, एवढंच हे आकडे सांगतात. समजा, एका बाईला साठाव्या वर्षी गाठ लागली आणि बासष्टाव्या वर्षी ती गेली. तिचाच आजार मॅमोग्राफीत छप्पन्नाव्या वर्षी दिसला असता आणि तरीही ती बासष्टाव्याच वर्षी गेली असती, तर तिची नोंद ‘वाचलेल्यां’मध्ये झाली असती. आयुष्य एका दिवसानेही वाढलेलं नाही, टक्केवारी मात्र वाढली. लवकर निदानाचा फायदा आहेच, पण 98 आणि 23 मधलं सगळं अंतर तपासणीच्या खात्यावर जमा करता येत नाही.

‘एक मॅमोग्राफी म्हणजे एक जीव’

ब्रिटनमध्ये 2012 साली स्वतंत्र तज्ज्ञगटाने काढलेला हिशेब पाहा. पन्नाशीच्या 10,000 बायकांना वीस वर्षं तपासणीला बोलावत राहिलं, तर 43 मृत्यू टळतात. म्हणजे साधारण 235 बायकांमागे एक, तोही वीस वर्षांच्या फेऱ्यांनंतर. त्याच 10,000 मध्ये 129 जणींना अशा कर्करोगाचे उपचार घ्यावे लागतात, जो एरवी त्यांना जन्मभर कळलाही नसता. 43 जीव थोडे नव्हेत, त्यासाठी मी पैसे देईन. पण एका दिवसाच्या शिबिरात तीनशे तपासण्या म्हणजे तीनशे जीव, असं अहवालात छापणाऱ्यांना नाही.

‘मशीन पोचलं की काम झालं’

मशीनबद्दल थोडक्यात. मुंबईत टाटा मेमोरियलने 1998 पासून 35 ते 64 वयाच्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या जणींची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी फक्त हाताने तपासणी केली. वीस वर्षांचे निष्कर्ष 2021 मध्ये आले : तपासणी झालेल्या गटात आजार आधीच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशीपुढच्या बायकांमधले मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले. सगळ्या वयांची बेरीज केली तर घट 15 टक्के दिसते, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. उलट शांघायमध्ये गिरणीकामगार बायकांना स्वतःची तपासणी स्वतः करायला शिकवलं, तर मृत्यूंत फरक पडला नाही. कर्करोग नसलेल्या साध्या गाठींच्या बायोप्सी (तुकडा काढून तपासणं) तेवढ्या वाढल्या.

‘पुढचं पुढं बघता येईल’

मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे वाक्य. मॅमोग्राफीत डाग दिसला म्हणजे निदान झालं असं नाही. पुन्हा फिल्म, सोनोग्राफी, बायोप्सी, गाठीच्या हार्मोनच्या चाचण्या, मग शस्त्रक्रिया, अनेकींना केमो, कित्येक आठवडे रेडिएशन, काहींना पाच-पाच वर्षं गोळ्या. देणगीची पावती या साखळीच्या पहिल्या कडीची असते.

अमेरिकेने हा प्रयोग सरकारी पातळीवर करून पाहिला आहे. 1990 च्या कायद्याने गरीब, विमा नसलेल्या बायकांसाठी मोफत तपासणी सुरू झाली. निदानापर्यंतचा खर्च मिळे, उपचाराचा नाही. कर्करोग निघाला की कार्यक्रमातले लोक फी माफ करणारं रुग्णालय शोधत फिरत. अशा बायकांना मेडिकेडमधून, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्यातून, उपचार देण्याची मुभा राज्यांना मिळाली ती 2000 साली. तोवर ‘तुम्हाला कर्करोग आहे’ हे सांगायला पैसा होता, तो बरा करायला नव्हता.

आजही तिथे कृष्णवर्णीय बायका मॅमोग्राफी साधारण गोऱ्या बायकांइतकीच करून घेतात. त्यांना हा आजार होतोही किंचित कमी, पण त्यातून होणारे मृत्यू सुमारे 40 टक्के जास्त. काही वाटा गाठीच्या आक्रमक प्रकाराचा आहे. मोठा वाटा मधल्या दिरंगाईचा आणि तुटलेल्या उपचारांचा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या स्तनकर्करोगाबद्दलच्या 2023 च्या आराखड्यात उद्दिष्टं तीन आहेत : 60 टक्के रुग्णांचं निदान पहिल्या दोन टप्प्यांत, पहिल्यांदा दाखवल्यापासून 60 दिवसांच्या आत निदान, आणि 80 टक्के रुग्णांचे उपचार पूर्ण. तिसरं उद्दिष्ट गाठायला गाडी पुरत नाही.

‘अज्ञानामुळे येत नाहीत’

न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या गरीब, कृष्णवर्णीय वस्तीतले शल्यविशारद हॅरल्ड फ्रीमन यांच्यापुढे हाच प्रश्न होता. 1964 ते 1986 दरम्यान त्यांच्या रुग्णालयात आलेल्या स्तनकर्करोगाच्या रुग्णांपैकी जवळपास निम्म्या तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात होत्या. त्यांनी 1979 मध्ये मोफत आणि स्वस्त तपासणी सुरू केली, पण डाग निघालेल्या बायका पुढे हरवत. मग 1990 मध्ये त्यांनी वाटाडे नेमले : कागदपत्रं भरून देणारे, तारीख मिळवून देणारे, भीती ऐकून घेणारे. 1995 ते 2000 दरम्यानच्या रुग्णांत उशिरा आलेल्यांचं प्रमाण 21 टक्क्यांवर आलं आणि पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण 39 वरून 70 टक्के झालं. (हो, वर ज्या आकड्याला मी नावं ठेवली तोच इथेही आहे, आणि थोडा फुगवटा इथेही असणार.)

त्या बायकांना कर्करोग ठाऊक नव्हता असं नाही. रोजगार बुडतो, मुलांना सांभाळायला कोणी नसतं, तपासणारा पुरुष असेल तर संकोच वाटतो. आणि उपचार परवडणारच नसेल तर निदान करून घ्यायचं कशाला, हा त्यांचा प्रश्न अज्ञानातून आलेला नाही.

तेव्हा पैसे देण्याआधी संस्थेला विचारा : गेल्या वर्षी किती जणींच्या तपासणीत संशयास्पद काही निघालं, त्यांची बायोप्सी किती दिवसांत झाली, उपचार किती जणींचे पूर्ण झाले? मला आलेल्या अहवालांत फक्त तपासण्यांची संख्या असते, शेजारी गाडीचा फोटो.

राहिली संदेशाची शेवटची ओळ. ती बरोबर आहे. सुरुवातीला ही गाठ बहुधा दुखत नाही, आणि दुखेल तेव्हा दाखवू म्हणून कितीतरी जणी महिनोन्‌महिने थांबतात. तेवढी ओळ जरूर पुढे पाठवा.